बसच्या पाटीवरचं ‘मार्गे’ आणि एआय एजंटचं टूल

बारामतीहून इंदापूरला जायला एसटीचे दोन रस्ते आहेत. एक भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी असा, तुकोबांच्या पालखीच्या वाटेने. दुसरा भिगवणला जाऊन पुणे–सोलापूर हायवेला लागतो आणि पळसदेववरून इंदापूर गाठतो. आमचं घर निमगाव केतकीच्या अलीकडे. त्यामुळे आईने लहानपणापासून एकच गोष्ट बजावलेली: पाटीवर नुसतं ‘इंदापूर’ वाचून चढू नको, खाली ‘मार्गे’ काय लिहिलंय ते बघ. अकरावीत असताना एकदा घाईत मी मोठी अक्षरं तेवढी वाचली आणि चढले. भिगवणचा स्टँड आला तेव्हा डोक्यात उजेड पडला. बस इंदापूरलाच चालली होती, पाटी खोटी नव्हती. मला मात्र इंदापूरला उतरून उलटं मागे यावं लागलं, आणि घरी जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

हे आज आठवायचं कारण म्हणजे गेले काही महिने मी जवळजवळ हेच काम करतेय. पाट्या लिहिण्याचं. फक्त त्या वाचणारा प्रवासी माणूस नाही, एआय एजंट आहे.

मागच्या एका लेखात एजंट म्हणजे काय ते थोडं आलं होतं, तरी दोन ओळींत पुन्हा सांगते. चॅटजीपीटी किंवा क्लॉडसारखं भाषेचं मॉडेल स्वतःहून कुठली फाइल उघडू शकत नाही, कुठे शोधू शकत नाही. आपण त्याला काही ‘टूल’ देतो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम. मॉडेल म्हणतं, “अमुक टूल चालवा, त्यात हे शब्द घाला.” आपला प्रोग्रॅम ते चालवतो आणि निकाल मॉडेलपुढे ठेवतो. निकाल वाचून ते पुढची पायरी ठरवतं. विचार, कृती, निरीक्षण, पुन्हा विचार: ही साखळी २०२२ मध्ये प्रिन्स्टन आणि गूगलच्या संशोधकांनी ‘रिॲक्ट’ या पेपरमध्ये मांडली. आज बहुतेक एजंट त्याच वळणाचे आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त टूलचं नाव, चार-दोन ओळींचं वर्णन आणि कुठला इनपुट द्यायचा त्याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने आणलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल घ्या नाहीतर दुसरी कुठली पद्धत, सगळीकडे मांडणी हीच. म्हणजे एजंटपुढे स्टँडवर दहा बस उभ्या आहेत, त्याला आत डोकावता येत नाही, कंडक्टरला विचारता येत नाही. आहे ती पाटी वाचायची आणि चढायचं.

आता माझ्या पाट्यांची फजिती सांगते.

शाळेतला एक वर्गमित्र बारामतीत शेतीसेवा देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. बारामती आणि एआय म्हटलं की ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा उसाचा प्रकल्प आठवतो. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबरचा तो प्रकल्प २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेला यांनी जाहीरपणे सांगितला आणि एकदम गाजला. माझ्या मित्राचा त्या प्रकल्पाशी संबंध नाही. पण मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘फार्मव्हाइब्स डॉट एआय’ हे शेतीच्या माहितीवर काम करणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, ते त्याने डाउनलोड करून घेतलं होतं. उपग्रहाची चित्रं, हवामान, सेन्सर असं सगळं एकत्र करून त्यातून शेताचे नकाशे काढायचं ते साधन आहे. त्याचं डॉक्युमेंटेशन मोठं, आणि सगळं इंग्रजीत. मित्राची टीम तीन जणांची. दर वेळी पानं धुंडाळायचा त्यांना कंटाळा. मला म्हणाला, “अगं, तुझी पीएचडी ह्याच्यातच चाललीय ना? मग आम्हाला मराठीत विचारलं की डॉक्युमेंटेशनमधून शोधून सांगणारं काहीतरी करून दे की.”

मी एका रविवारी बसून करून दिलं. एजंटला तीन टूल दिली. (कोडमध्ये ही नावं अर्थातच रोमन अक्षरांत आहेत आणि वर्णनं इंग्रजीत. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत देते.)

सर्च_डॉक्स: “डॉक्युमेंटेशनमध्ये शोधतं.”
सर्च_वर्कफ्लो: “वर्कफ्लोमध्ये शोधतं.”
सर्च_नोंदी: “टीमच्या नोंदींमध्ये शोधतं.”

हसू नका. जगातल्या निम्म्या टूलची वर्णनं अशीच असतात असं माझं मत झालंय, आणि मी तर याच विषयावर पीएचडी करतेय!

पंधरा दिवसांनी मित्राचा फोन. त्याने एजंटला विचारलं होतं: “आभाळ असलं की प्लॉटचा फोटो नीट येत नाय. जुलै-ऑगस्टचा एनडीव्हीआय कसा काढायचा?” उत्तर आलं होतं की या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय उपलब्ध नाही. भाषा एकदम नम्र, ठाम आणि व्याकरणशुद्ध. त्याने ते खरं मानून आपल्या शेतकऱ्यांना कळवूनही टाकलं की पावसाळ्याचे तीन महिने नकाशे मिळणार नाहीत.

हे किती महागात पडलं असतं, ते उसाच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे आडसाली लावण जुलै-ऑगस्टमध्ये होते. म्हणजे कोंब वर येतायत, नांग्या कुठे पडल्यात हे बघायचे दिवस नेमके तेच. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग. आभाळ येतं, तासन्‌तास बसून राहतं, आणि पाऊस काही पडत नाही. शेताला पाणी नाही मिळत, आणि उपग्रहाला शेत नाही दिसत. सेंटिनल-२ हा युरोपचा उपग्रह साध्या उजेडात चित्र घेतो. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, शंभर चौरस मीटर. आपला गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे एक ठिपका, एक गुंठा; फार सोयीचं माप आहे हे. पण मध्ये ढग आला की त्याला गुंठाही दिसत नाही आणि शिवारही दिसत नाही.

आणि यावरची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये चक्क आहे. ‘स्पेसआय’ नावाचा वर्कफ्लो. सेंटिनल-१ हा उपग्रह रडारने बघतो, त्याला ढगांचा अडथळा होत नाही. स्पेसआय रडारची चित्रं आणि आधी-नंतरची निरभ्र दिवसांची चित्रं एकत्र घेऊन ढगाखाली काय असेल त्याचा अंदाज बांधतो. वर्कफ्लोच्या यादीत हे लिहिलेलं आहे. मग एजंटला ते का सापडलं नाही?

मी लॉग उघडला. एजंटने पाऊलवार काय केलं ते त्यात दिसतं. पहिली चूक: त्याने सर्च_डॉक्स निवडलं. बरोबरच आहे, ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणजे सगळं काही असंच कोणालाही वाटेल. माझ्या डोक्यात मात्र सर्च_डॉक्स म्हणजे इन्स्टॉलेशन आणि कोडची मार्गदर्शक पानं, आणि सर्च_वर्कफ्लो म्हणजे ‘या सॉफ्टवेअरने काय काय करता येतं’ त्याची यादी. हा फरक माझ्या डोक्यातच राहिला, पाटीवर आला नाही. दुसरी चूक जास्त गमतीची. एजंटने ‘आभाळ’ या शब्दाचं इंग्रजी ‘स्काय’ केलं आणि ‘स्काय फोटो जुलै ऑगस्ट’ असं शोधलं. शब्दकोशाप्रमाणे चूक काहीच नाही. पण आपल्याकडे “आभाळ आलंय” म्हणजे ढग आलेत. डॉक्युमेंटेशनमध्ये शब्द आहे ‘क्लाउड’. निकाल शून्य. तिसरी चूक माझीच: निकाल शून्य असला की माझं टूल मुकाट्याने रिकामी यादी परत देत होतं. एजंटने ती बघितली आणि ‘सापडलं नाही’चं ‘नाही’ करून टाकलं.

या तिसऱ्या चुकीवर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात धोक्याची तीच. माणूस लायब्ररीत पुस्तक शोधतो, मिळत नाही, तेव्हा त्याला मनात कुठेतरी ठाऊक असतं की आपण चुकीच्या कपाटात बघितलं असेल. मॉडेलला ही शंका आपण द्यावी लागते. रिकामी यादी ही त्याच्यासाठी एक बातमी असते, आणि त्या बातमीचा अर्थ काय लावायचा हे टूल लिहिणाऱ्यानेच सांगायला हवं.

शोधायचं वाईट टूल देण्यापेक्षा ते न दिलेलं बरं, असं कधी होऊ शकतं का? होतं. २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने ‘एसडब्ल्यूई-एजंट’ नावाचं काम प्रसिद्ध केलं. सॉफ्टवेअरमधल्या खऱ्या चुका एजंटने दुरुस्त करायच्या, असे ३०० प्रश्न. त्यांनी शोधायचं टूल तीन प्रकारे देऊन बघितलं. एकात सगळे निकाल थोडक्यात एकदम दाखवायचे; तेव्हा एजंटने १८ टक्के प्रश्न सोडवले. दुसऱ्यात खास टूलच दिलं नाही, १५.७ टक्के. तिसऱ्यात एक निकाल, मग ‘पुढचा’, मग ‘पुढचा’, आपण एडिटरमध्ये करतो तसं. तेव्हा १२ टक्के. म्हणजे माणसाला सोयीचं वाटणारं टूल दिल्यावर एजंट टूल नसतानापेक्षाही मागे पडला. कारण तो ‘पुढचा, पुढचा’ करत सगळे निकाल बघत बसायचा, आणि त्यातच त्याची जागा आणि पायऱ्या संपायच्या. चांगल्या टूलमध्ये त्यांनी निकालांना ५० ची मर्यादा घातली. त्याहून जास्त निघाले तर यादी द्यायचीच नाही, सांगायचं: शब्द अजून नेमके करा. हे उत्तरसुद्धा एक प्रकारची पाटीच आहे, फक्त चढल्यावर दिसणारी.

तर मी पुन्हा बसले आणि सर्च_वर्कफ्लोचं वर्णन नव्याने लिहिलं. ते पूर्णच देते:

“फार्मव्हाइब्समध्ये तयार मिळणाऱ्या वर्कफ्लोंची यादी शोधतं. ‘अमुक गोष्ट या सॉफ्टवेअरने करता येते का आणि कशाने’ असा प्रश्न असेल तेव्हा आधी हे वापरा. इन्स्टॉलेशन, एरर किंवा कोड कसा लिहायचा यासाठी वापरू नका. त्यासाठी सर्च_डॉक्स आहे. यादी इंग्रजीत आहे. प्रश्न मराठीत असेल तर शब्दाला शब्द भाषांतर करू नका. विचारणाऱ्याची अडचण काय आहे आणि तिला उपग्रहचित्रांच्या क्षेत्रात काय म्हणतात ते ठरवून दोन ते चार इंग्रजी शब्द द्या. जास्तीत जास्त दहा वर्कफ्लो परत येतात: नाव, एका ओळीत काम, लागणारा इनपुट. काही सापडलं नाही याचा अर्थ सोय नाही असा होत नाही. वेगळ्या शब्दांनी आणखी दोनदा शोधा. तरीही नसेल तर ‘मला सापडलं नाही’ असं सांगा आणि कुठले शब्द वापरले ते लिहा.”

यात नवीन शोध काही नाही. आत काय आहे, कधी चढायचं, कधी चढायचं नाही, तिकीट कसं मागायचं, कुठे उतरवतील आणि बस आलीच नाही तर काय करायचं, एवढंच. पण ‘कधी वापरू नका’ हे वाक्य लिहायचं बहुतेक जण विसरतात. आपल्याला आपलं टूल आवडत असतं ना, ते कुठे निरुपयोगी आहे हे लिहायला हात धजत नाही. बर्कलीच्या संशोधकांनी टूल वापरण्याच्या कौशल्यावर मॉडेलांची क्रमवारी लावणारी जी चाचणी चालवली आहे, तिच्यात एक प्रकार असाच आहे: दिलेल्या टूलपैकी एकही कामाचं नाही, आणि मॉडेलने एकालाही हात न लावता तसं सांगायचं. बोर्डाच्या पेपरात ‘यांपैकी नाही’ हा पर्याय असला की आपली जी तारांबळ उडते, तशीच त्यांचीही उडते.

शब्दाला शब्द भाषांतर करू नका, हे वाक्य लिहायला मला तीन प्रयत्न लागले. आधी नुसतं ‘इंग्रजी शब्द द्या’ लिहिलं, तर पुन्हा ‘स्काय’. मग उदाहरण म्हणून ‘आभाळ म्हणजे क्लाउड, उदाहरणार्थ स्पेसआय’ असं घातलं. त्याने आभाळाचा प्रश्न सुटला आणि दुसराच आजार झाला. आता पाण्याचा ताण विचारा, तणाचं विचारा, एजंट आधी स्पेसआयकडे पळायचा. उदाहरण हे त्याने नियम म्हणून धरलं. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. अँथ्रोपिकच्या इंजिनिअरांनी २०२५ मध्ये लिहिलंय की त्यांच्या वेबसर्च टूलमध्ये क्लॉड विनाकारण प्रत्येक शोधाला ‘२०२५’ जोडत होता आणि निकाल बिघडत होते. वर्णन सुधारल्यावर ते थांबलं. मॉडेल तेच, कोड तोच. बदलल्या त्या चार ओळी.

सर्च_नोंदीची गोष्ट वेगळी, आणि आपल्या भाषेची. टीमच्या नोंदी मराठीत आहेत: कुठल्या गावाच्या प्लॉटला काय अडचण आली, सॉफ्टवेअरची कुठली सेटिंग बदलली वगैरे. तिथे एजंट मराठीच शब्द टाकत होता, तरी हाती काही लागत नव्हतं. कारण सरळ आहे. मी जे शोधायचं टूल वापरलं होतं ते अक्षरं जुळवून बघतं. एजंट ‘ऊस’ शोधतो. नोंदीत असतं ‘उसाला’, ‘उसाच्या’, ‘उसात’. ऊ दीर्घचा ऱ्हस्व झाला, पुढे आकार लागला, अक्षरं जुळणार कुठून? ‘पाणी’ शोधा, नोंदीत ‘पाण्याचा’. ‘पान’ शोधा तर ‘पानावर’ सापडतं, आणि शिवाय ‘जपान’ही सापडतो. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी एखादा एस लागतो. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं अंगच बदलतं. शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलो तेच. यावर खरा उपाय म्हणजे शोधायची यंत्रणाच बदलणं, अर्थावरून शोधणारी करणं, आणि ते मी पुढे करणार आहे. पण तोवर वर्णनात दोन वाक्यं घातली: “हे टूल अक्षरं जुळवतं, शब्दाची रूपं ओळखत नाही. ‘ऊस’ऐवजी ‘उसा’, ‘पाणी’ऐवजी ‘पाण्या’ असं सामान्यरूपही वेगळं शोधून बघा.” आणि एजंट ते करायला लागला! टूलची मर्यादा लपवण्याऐवजी पाटीवर लिहिली की मॉडेल तिला वळसा घालतं. मला वाटतं आमच्या क्षेत्रात या गोष्टीचं पुरेसं कौतुक झालेलं नाही.

इनपुटच्या नावांबद्दल थोडक्यात. बारामती साधारण १८.१५ उत्तर अक्षांश आणि ७४.५८ पूर्व रेखांशावर आहे. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो. नकाशाचं काम करणाऱ्या बऱ्याचशा सॉफ्टवेअरला आधी रेखांश लागतो. एजंटला इनपुटचं नाव नुसतं ‘जागा’ एवढंच दिलं, तर तो कधी असं देतो, कधी तसं. उलटं दिलं तर ७४.५८ उत्तर, १८.१५ पूर्व: बारामतीचा उसाचा प्लॉट थेट नॉर्वेच्या पलीकडे, बेअर आयलंडजवळच्या बर्फाळ समुद्रात. एररही येत नाही, कारण तीही पृथ्वीवरचीच जागा. म्हणून नावातच घालावं: ‘रेखांश’ वेगळा, ‘अक्षांश’ वेगळा. अँथ्रोपिकच्याच २०२४ च्या एका लेखात असं उदाहरण आहे: एजंट फोल्डर बदलला की फाइलचा अर्धवट पत्ता चुकीचा द्यायचा. त्यांनी नेहमी पूर्ण पत्ताच द्यायचा असा टूलचा नियम केला आणि चूक थांबली. एकराचं हेक्टर समजून खताचा डोस काढला तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

हे सगळं नवीन वाटत असलं तरी मुळात जुनंच आहे. युनिक्सची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. त्या पुस्तिकेच्या पानांची पद्धत पुढे ठरून गेली: वर कमांडचं नाव आणि एका ओळीत ती काय करते. नंतर ‘ॲप्रोपोस’ ही कमांड आली, ती त्या एका ओळीतच शोधते. ती ओळ लिहिणाऱ्याने तुमच्या मनातला शब्द वापरला नसेल तर कमांड असूनही तुम्हाला मिळायची नाही. आणि कशाला लांब जायचं, आपली गावनमुन्यांची कागदपत्रं घ्या. सात, बारा, आठ-अ, सहा. तलाठ्याला आकडा पुरतो. पण वाटणीची नोंद झाली का हे बघायचं असेल तर फेरफार म्हणजे नमुना सहा मागायचा, हे नव्या माणसाला आकड्यावरून कसं कळणार? म्हणून तर तहसीलबाहेर झाडाखाली बसलेल्या माणसाचं पोट चालतं. एजंटला असा झाडाखालचा माणूस नाही.

किती लिहायचं, हाही प्रश्न आहेच. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या पुढ्यात प्रत्येक वेळी ठेवावं लागतं, ते वाचायला पैसे पडतात, आणि तीस टूल झाली की पाट्यांचीच गर्दी होते. मी मधे उत्साहाच्या भरात एका टूलला दीड पानाचं वर्णन लिहिलं होतं. त्यातला महत्त्वाचा मजकूर शेवटी गेला आणि एजंट त्याकडे बघेनासा झाला. माझा सध्याचा अंदाज असा की वर दिलेल्या वर्णनाएवढी लांबी ठीक आहे, आणि दोन टूलमधला फरक दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर ती बहुधा एकच टूल व्हायला हवीत.

तपासायची माझी एक घरगुती रीत आहे. सुट्टीत गावी गेले तेव्हा तिन्ही वर्णनं मराठीत कागदावर लिहून चुलतभावापुढे ठेवली. दादा ऊस आणि डाळिंब करतो, संगणकाशी त्याचा संबंध मोबाईलपुरता. मी मित्राच्या टीमचे खरे प्रश्न एकेक करून वाचले आणि विचारलं, “दादा, यातल्या कुठल्या खिडकीवर जाशील?” जुन्या वर्णनांवर तो दोन प्रश्नांतच वैतागला. “अगं, तिन्हीवर शोधतं-शोधतंच लिहिलंय की. काय शोधतं?” नव्या वर्णनांवर बहुतेक ठिकाणी बरोबर गेला. जिथे तो अडखळला तिथे नंतर एजंटही अडखळलेला दिसला. याला संशोधन म्हणता येणार नाही, माझे गाइड तर हसतील. पण पेपरसाठी शेकडो प्रश्नांची रीतसर चाचणी लावण्याआधी दादाची अर्ध्या तासाची चाचणी मला फार स्वस्त पडली. वर चहाही मिळाला.

मित्राने तोवर शेतकऱ्यांना नवा निरोप पाठवला की पावसाळ्यातही नकाशे मिळतील. पण त्याच्यात मी एक ओळ घालायला लावली: ढगाळ आठवड्यांचे आकडे बघितलेले नाहीत, अंदाजाने भरलेले आहेत, नकाशात पिवळं दिसलं तर आधी शेतात जाऊन बघा. ही ओळ एजंटच्या उत्तरात आपोआप यायला हवी होती. म्हणून आता प्रत्येक वर्कफ्लोच्या निकालात ‘हा आकडा मोजलेला की अंदाजलेला’ असा एक रकाना वाढवलाय. वर्णन फक्त टूलचं लिहून भागत नाही, टूल जे परत देतं त्यालाही पाटी लागते.

मित्र आता शब्दांची एक यादीही ठेवतो. आभाळ, मळभ, नांग्या, चोपण जमीन: टीम काय बोलते आणि डॉक्युमेंटेशन काय म्हणतं. ती यादी एजंटला चौथं टूल म्हणून दिलीय. परवा त्याने मुद्दाम यादीत नसलेला शब्द टाकून बघितला: “सकाळची धुई पडली की चित्रात काय फरक पडतो?” एजंटने चार वेळा शोधलं आणि उत्तर दिलं: “मला सापडलं नाही. ‘फॉग’, ‘मिस्ट’, ‘हेझ’ आणि ‘क्लाउड’ या शब्दांनी पाहिलं. ‘क्लाउड’खाली स्पेसआय आहे, पण त्यात धुक्याचा उल्लेख नाही.”

मित्राने तो स्क्रीनशॉट मला पाठवला. उत्तर मलाही माहीत नव्हतं. रात्री दोघं फोनवर बसून डॉक्युमेंटेशनची पानं उलटत होतो.